वाचकांचे प्रश्न : मित्राला आपल्या खानावळीत नेताना

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. नोकरीची पहिली नऊ वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात काढली आणि नंतर आंतरजिल्हा बदलीने गावाकडे परत आलो. त्या नऊ वर्षांत ज्या सहकारी शिक्षकाने मला घरच्यासारखे सांभाळले, ज्याच्या आईच्या हातची माशांची आमटी आणि सोलकढी यांवर मी कोकणात रुळलो, तो मित्र येत्या जानेवारीत प्रथमच आमच्याकडे येत आहे. आमच्या बसस्थानकामागे टिनाच्या छपराची एक जुनी खानावळ आहे. बदलीनंतर कुटुंब येथे येईपर्यंतचे दीड वर्ष मी दोन्ही वेळा तेथेच जेवलो आणि आजही महिन्यातून दोन-तीनदा मुद्दाम तेथे जातो. तेथली पाटोडी (रस्सा घातलेल्या बेसनाच्या वड्या) आणि भाकर मित्राला खाऊ घालावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला टिनाखाली बसवणे बरे दिसत नाही. त्याला हमरस्त्यावरच्या नव्या वातानुकूलित हॉटेलात न्यावे. शिवाय मित्राला पित्ताचा त्रास आहे, त्यामुळे आमच्याकडचे तिखट त्याला सोसेल का, ही शंका मलाही आहे. मी काय करावे?
— एक शिक्षक, दारव्हा तालुका

उत्तर : आपण मित्राला खानावळीतच न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हमरस्त्यावरच्या हॉटेलात जे पनीर आणि जी तंदुरी रोटी मिळते, ती त्याला चिपळुणातही मिळते. त्यासाठी त्याने एवढा प्रवास करून बडनेऱ्याला उतरायचे आणि पुन्हा एस.टी.त बसायचे कारण नाही. गुहागरला त्याने आपल्याला एखाद्या मोठ्या हॉटेलात नेऊन प्रभावित केले नव्हते. जे त्याच्या घरी रोज शिजत होते, त्यात त्याने आपल्यासाठी एक ताट वाढवले होते. त्याची परतफेड करायची असेल, तर ती त्याच जातीच्या अन्नाने व्हायला हवी.

दुसरेही एक कारण आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. कोकण सोडल्यानंतरचे आपले दीड वर्ष या मित्राने पाहिलेले नाही. फोनवर त्याने विचारले असेल, की जेवणाचे काय करतोस, आणि आपण सांगितले असेल, की एका खानावळीत सोय झाली आहे. ती सोय म्हणजे नेमके काय होते, कोणत्या बाकावर बसून आपण एकटे जेवत होता, कोण आपल्याला आग्रहाने दुसरी भाकर वाढत होते, हे त्याला तेथे बसल्याशिवाय कळणार नाही. आपली पत्नीही त्या काळात येथे नव्हती. त्या खानावळीत त्या कधी जेवल्या नसतील, तर या निमित्ताने त्यांना आणि मुलांनाही बरोबर न्यावे, म्हणजे घरच्यांचा अर्धा विरोध आपोआप मावळेल.

उरलेल्या विरोधाचा मान मात्र ठेवावा, कारण त्यामागची भावना चुकीची नाही. पाहुण्याच्या पोटात पहिला घास घरचा जावा, ही आपल्याकडची रीत आहे आणि घरी चूल असताना पाहुण्याला सरळ बाहेर जेवायला नेले, तर घरातल्या बायांना ते लागते. म्हणून ज्या संध्याकाळी तो पोहोचेल, त्या संध्याकाळी त्याला घरीच वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी असे साधे जेवण द्यावे आणि खानावळीचा बेत दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवावा. प्रवासाने शिणलेल्या, जागरण झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तर्रीचा रस्सा देणे त्याच्या पित्ताच्या दृष्टीनेही योग्य नाही.

आता बेताविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण असे बेत बहुधा तयारीअभावी फसतात. आपण स्वतः आदल्या दिवशी खानावळीत जाऊन मालकांना सांगून यावे, की उद्या कोकणातला माझा मित्र येणार आहे, आम्ही इतकेजण आहोत आणि साडेअकराच्या सुमारास येऊ. दुपारी एकनंतर कचेरीतली आणि बसस्थानकावरची गर्दी सुरू झाली, की स्वयंपाकघराचे लक्ष पाहुण्याकडे राहत नाही आणि पहिल्या हाताचा रस्साही संपत आलेला असतो. आठवडी बाजाराचा दिवस मात्र टाळावा. त्या दिवशी खानावळीत अन्न भरपूर आणि ताजे असते हे खरे, पण बाहेर माणसे बाकडे रिकामे होण्याची वाट पाहत उभी असतात आणि त्यांच्याकडे पाठ करून निवांत गप्पा मारणे शोभत नाही. सामिष खाऊ घालायचे मनात असेल, तर गुरुवारही पाहून घ्यावा. गजानन महाराजांच्या वारामुळे आपल्या भागातील पुष्कळ घरांत त्या दिवशी ते वर्ज्य असते आणि बरोबर येणारे घरचे लोक केवळ चटणीशी भाकर खात बसतील, हे पाहुण्याला अवघड वाटेल.

जानेवारी हा महिना आपल्याला फार अनुकूल मिळाला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टिनाखाली बसून तिखट खाणे आपल्याला सवयीचे असले, तरी कोकणातल्या माणसाला ते शिक्षेसारखे वाटले असते. जानेवारीत दुपारचे ऊन अंगाला बरे वाटते, शेतात तुरी भरलेल्या असतात, हिरव्या तुरीचे सोले बाजारात आलेले असतात आणि वांगी चवीला उत्तम असतात. म्हणून मालकांना आदल्या दिवशी केवळ पाटोडीच सांगून थांबू नये. सोले-वांग्याची भाजी होईल का, तेही विचारावे. आपल्याकडे येणारा मनुष्य तुरीच्या मुलखात येतो आहे आणि तुरीचा दाणा त्याने आजवर वाळलेल्या डाळीच्याच रूपात खाल्लेला असण्याचा संभव मोठा आहे. हिरव्या सोल्यांची ती किंचित गोडसर चव त्याला नवी असेल आणि ती तिखटाच्या आड येणारी नाही.

मित्राने वाटेत ‘सावजी’ अशा पाट्या जागोजागी पाहिलेल्या असतील आणि विदर्भाचे जेवण म्हणजे सावजी, अशी त्याची समजूत असेल. ती समजूत आपण सावकाश दुरुस्त करावी. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरातून बाहेर आलेली पाककला आहे. तिचा मसाला वेगळा, तिचा रंग वेगळा आणि ती आपल्या जागी मोठीच आहे. वऱ्हाडातल्या खानावळीतली पाटोडी ही मात्र शेतकऱ्याच्या घरची गोष्ट आहे : ज्या दिवशी भाजी नाही, त्या दिवशी डब्यातल्या बेसनाची केलेली. बेसन तिखट, हळद, ओवा घालून घट्ट शिजवायचे, ताटात थापून त्याच्या वड्या पाडायच्या आणि भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस यांच्या वाटणाचा रस्सा वेगळा करून ठेवायचा. वड्या रस्सात पडतात त्या वाढण्याच्या वेळी. त्या आधीच टाकून ठेवल्या, तर रस्सा पिऊन फुगतात आणि त्यांचा काठ मोडतो. आपल्या खानावळीत हे भान ठेवले जाते की नाही, हे आपल्याला ठाऊकच असेल, तरी उशिरा पोहोचू नये म्हणते ते याचसाठीही.

तिखटाची आपली शंका रास्त आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे. मिरचीतला जो घटक जीभ जाळतो, तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून रस्साच्या वर जो लाल तेलाचा तवंग, म्हणजे आपली तर्री, तरंगत असतो, त्यातच तिखटाचा मोठा भाग गोळा झालेला असतो. वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवले, की मित्राच्या वाटीत गंजातला, म्हणजे पातेल्यातला, तळचा रस्सा द्यावा आणि तर्री एका छोट्या वाटीत निराळी ठेवावी, तर मसाल्याची चव तीच राहते आणि किती जळायचे ते खाणाऱ्याच्या हाती राहते. त्याच कारणाने, तोंड पोळल्यावर पाण्याच्या पेल्यामागून पेले रिकामे करण्याचा फारसा उपयोग होत नाही. दूध, दही किंवा ताक यांनी मात्र आराम पडतो, कारण दुधातली प्रथिने तो जळजळणारा घटक जिभेवरून सोडवून नेतात. तेव्हा ताटासोबत दह्याची वाटी किंवा मठ्ठ्याचा पेला सुरुवातीपासूनच मागवून ठेवावा, मित्राचे डोळे भरून आल्यानंतर नव्हे. डॉक्टरांनी त्याला तिखट पूर्णपणे वर्ज्य सांगितले असेल, तर मात्र आग्रहाचा एक शब्दही काढू नये. चून (झुणका) आणि भाकर, सोले-वांगे, जवसाची चटणी आणि दही एवढ्यावरही त्याचे जेवण भरगच्च होईल आणि चवीत कोणतीही उणीव राहणार नाही. चुनातही तिखट कमी घालायला आदल्या दिवशीच सांगून ठेवता येईल.

जेवणाची सुरुवातही रस्साने करू नये. आधी गरम भाकर आणि चून येऊ द्यावे, त्याबरोबर कच्चा कांदा. दोन घास पोटात गेल्यावर पाटोडी आणावी. भाकर करणाऱ्या बाईंना आपण बसल्यानंतरच पहिली भाकर तव्यावर टाकायला सांगावे, कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो आणि थंड झालेली भाकर कडक होते. मित्र तांदळाच्या भाकरीत वाढलेला आहे. ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास त्याने तव्यावरून उतरताच खाल्ला, तर त्याला ती आवडेल. अर्ध्या तासापूर्वी करून टोपलीत ठेवलेली दिली, तर तो ती सौजन्यापोटी संपवेल.

आपल्या बोलीतले काही शब्दही त्याला आधी सांगून ठेवावेत. खानावळीत कोणी ‘सांबार घालू का’ असे विचारले, तर ती कोथिंबीर आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. चून म्हणजे झुणका, आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग, हे शब्द जेवताना एकेक करून समोर आले, तर त्यांतून गप्पांना विषय मिळतो. आपण गुहागरला गेलात तेव्हा तिकडचे शब्द आपल्याला असेच ताटावर बसून कळले असतील. त्याला ते आठवून द्यावे.

यानंतर जे सांगायचे आहे, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका सहकारी मैत्रिणीला मी दर्यापूर भागातील माझ्या आवडत्या खानावळीत घेऊन गेले होते. बसल्या क्षणापासून मी बोलू लागले : जागा लहान आहे, पंखा जुना आहे, ताटाला पोचा आहे, आज भाजी रोजच्यासारखी जमलेली दिसत नाही. तिने काही न बोलता सगळे जेवण संपवले. परतताना ती मला म्हणाली, की जेवण चांगले होते, पण तिचे सगळे लक्ष माझी समजूत घालण्यात गेले आणि त्यामुळे चव मनात राहिली नाही. तिचे ते बोलणे मला फार लागले आणि ते खरे होते. ज्या जागेवर माझा जीव होता, तिच्याबद्दल मी तासभर क्षमा मागत बसले होते, आणि चुलीजवळ उभ्या असलेल्या ज्या बाई आमच्यासाठी भाकरी थापत होत्या, त्यांच्याही कानांवर ते जात होते. आपण टिनाच्या छपराचा उल्लेखही करू नये. मित्राला ते छप्पर दिसेलच आणि त्याखाली आपण समाधानाने बसलेले आहात, हेही दिसेल.

त्याच वेळी दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. वऱ्हाडात पाहुण्याला तिखट खाऊ घालून त्याच्या नाकातून पाणी काढण्यात काहींना मोठा आनंद वाटतो आणि मग ‘झेपलं नाही बुवा’ असे म्हणून चारचौघांत हसले जाते. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. मित्र आपल्या भरवशावर तेथे बसलेला असतो आणि तो परीक्षेला आलेला नसतो. ‘कसे आहे?’ हा प्रश्नही प्रत्येक घासाला विचारू नये. एकदा, तेही दुसरी भाकर घेताना विचारावे. त्याने वड्या बाजूला सारून भाकर-दही खाल्ले, तरी आपला अपमान झाला असे समजू नये. गुहागरला पहिल्या महिन्यात आपणही ताटातला प्रत्येक मासा संपवला नसेल.

जेवण झाल्यावर उठण्याची घाई करू नये. मालकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बोलावून मित्राची ओळख करून द्यावी आणि ती नुसती ‘हे कोकणातले पाहुणे’ अशी करून देऊ नये. ‘मी तिकडे असताना नऊ वर्षे यांच्या घरी जेवलो आणि इकडे आल्यावर दीड वर्ष तुमच्याकडे जेवलो’, एवढे एक वाक्य दोन्ही बाजूंना ऐकवावे. मित्राच्या आई हयात असतील, तर खानावळीतली जवसाची चटणी त्यांच्यासाठी बांधून मागावी. कोरडी चटणी प्रवासात टिकते. पाटोडीचा रस्सा डब्यात भरून देण्याचा मोह मात्र आवरावा.

प्रश्न : आमच्या गावच्या खानावळीत माझे महिन्याचे खाते आहे. बाहेरगावचा मित्र आला असता त्याने स्वतःच गल्ल्यावर जाऊन पैसे पुढे केले. मालकांनी ते घेतले नाहीत आणि माझ्या खात्यावरही ते लिहिले नाहीत. आता मित्राला संकोच झाला आहे आणि मालकांचे नुकसान झाले, म्हणून मलाही चैन नाही.
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : मालकांनी आपल्या पाहुण्याला स्वतःचा पाहुणा मानले, यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पैसे पुन्हा पुढे करून तो मान परत करू नये. परंतु लहान खानावळीचा नफा ताटामागे फार थोडा असतो, हेही खरे. तेव्हा महिन्याचा हिशेब करताना वहीत नसलेल्या त्या दोन ताटांविषयी न बोलता काही वस्तू न्यावी. आपल्या घरी शेती असेल, तर पायलीभर तूर किंवा ज्वारी, अचलपूर भागात संत्र्याची बाग असेल, तर टोपलीभर संत्री. धान्य किंवा फळ कोणी नाकारत नाही. मित्राला सांगावे, की घरी पोहोचल्यावर त्याने मालकांना एक फोन करावा. पुढच्या वेळी मात्र आदल्या दिवशीच मालकांना बजावून ठेवावे, की पैसे माझ्या खात्यावर लिहायचे आहेत, आणि तसे ठरल्याशिवाय जेवायला बसू नये.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आरोग्यसेविका आहे. कामाच्या फिरतीत एका खेड्याच्या फाट्यावरच्या खानावळीत मी दुपारी जेवते. भात आणि तलावातल्या मासळीचा रस्सा तेथे अप्रतिम मिळतो. नागपूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मला तेथे न्यायचे आहे, पण तेथे बहुतेक पुरुषच असतात. मला त्याची सवय झाली आहे. तिला अवघडल्यासारखे होईल का?
— एक वाचक, साकोली तालुका

उत्तर : होईल, सुरुवातीची काही मिनिटे नक्की होईल, आणि ते आधीच गृहीत धरून बेत आखावा. आपण त्या खानावळीत एकट्या जेवू शकता, कारण वर्षानुवर्षांच्या फिरतीमुळे तेथला प्रत्येकजण आपल्याला ओळखतो. कोणाच्या घरच्या बाळाला आपण लस दिली आहे, कोणाच्या सुनेच्या बाळंतपणात आपण धावून गेला आहात. मैत्रिणीपाशी ही ओळख नसते. ती आपल्या ओळखीच्या आश्रयाने तेथे बसणार आहे, म्हणून तिला दारात एकटीला उभी करून आपण हात धुवायला जाऊ नये, आणि तिची पाठ भिंतीकडे येईल अशा जागी तिला बसवावे. मधल्या बाकावर बसून चहूकडून नजरा झेलत जेवणे कोणालाही रुचत नाही.

पडदा लावलेल्या ‘फॅमिली’च्या कप्प्यात बसावे का, असे आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न मनात येईलच, म्हणून लिहिते. तसा कप्पा असल्यास आणि मैत्रिणीला बरे वाटत असल्यास जरूर बसावे. नसल्यास त्याचा हट्ट धरू नये. एक बाई रोज उघड्यावर बसून जेवते, तेव्हा दुसरीला जागा होते, आणि आपण ते काम त्या फाट्यावर इतकी वर्षे करत आला आहात. स्वच्छतागृहाची सोय मात्र आधी पाहून घ्यावी. खानावळीत ती नसेल, तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा ओळखीच्या घरी थांबून मग जेवायला जावे. बायांचे अर्धे अवघडलेपण त्या एका गोष्टीत असते आणि पुरुषांच्या ते ध्यानातही येत नाही.

ताटाबद्दल थोडेसे. आपली मैत्रीण नागपूरकर असल्याने तिखटाची चिंता नाही, पण गोड्या पाण्यातल्या मासळीत काटे बारीक असतात आणि सवय नसेल, तर भाताच्या घाईच्या घासाबरोबर ते घशात अडकतात. तेव्हा पहिला तुकडा आपण सोडवून दाखवावा. आपला प्रदेश तलावांचा आणि धानाचा आहे. मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, काळातले तलाव, ते बांधण्यातले कोहळी समाजाचे कौशल्य, त्याच पाण्यावर पिकलेला भात आणि त्याच पाण्यातली मासळी, हे सगळे एका ताटात आलेले असते. जेवण आटोपल्यावर ऊन कलू लागले, की तिला त्या तलावाच्या पाळीवर घेऊन जावे. सकाळी जाळे टाकणारी माणसे दुपारनंतर बहुधा तेथेच जाळी दुरुस्त करत बसलेली असतात; ताटात आलेली मासळी कोणती होती, हे त्यांच्याकडूनच तिला ऐकू द्यावे.